निळ्या काचेवरचे ओरखडे

गायडर म्हणजे काय हे अब्बांना सांगायला मला अर्धा तास लागला आणि त्यांना समजायला एक मिनिट. तो अर्धा तास मी शुद्ध मास्तरकी केली. पृथ्वी फिरते, म्हणून तारा सरकतो. ताऱ्याचा फोटो घ्यायचा तर पाच-पाच मिनिटं कॅमेरा उघडा ठेवावा लागतो. दुर्बीण ताऱ्यामागे फिरावी म्हणून तिला मोटर लावलेली असते, पण मोटरही थोडी चुकतेच. म्हणून मोठ्या कॅमेऱ्याच्या जोडीला एक छोटा कॅमेरा असतो. तो एकच तारा धरून बसतो आणि तारा जरा ढळला की मोटरला सांगतो, थोडं इकडे, थोडं तिकडे. त्या छोट्या कॅमेऱ्याला गायडर म्हणायचं. अब्बा खाटेवर बसून निमूट ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हंजे मुकडदम."

"मुकादम? तो कसा?"

"सोता काही करत नाही. निस्ता पाहून राह्यते अन् सगळ्याइले लायनीवर ठेवते. आमच्या जिनिंगमंदी नव्हता का एक?"

तेव्हापासून आमच्या घरात गायडरचं नाव मुकडदम पडलं ते आजही तेच आहे.

आता आमच्या घराची बोली उर्दू मिसळलेली हिंदी. अम्मीशी, शेजारपाजारी, सणावाराला तीच. पण अब्बांची तीस वर्षं दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीत, फिटर म्हणून गेली आणि त्यांना यंत्र शिकवलं ते वऱ्हाडी माणसांनी. त्यामुळे यंत्राचा विषय निघाला की त्यांच्या तोंडून आपोआप वऱ्हाडी येई. मी मराठी शाळेत शिकलो आणि पुढं तिथंच विज्ञान शिकवायला लागलो, म्हणून यंत्राबद्दल आम्ही बापलेक मराठीत बोलायचो आणि बाकी सगळं हिंदीत. खरं सांगायचं तर बाकी फारसं काही बोलायचोच नाही.

मग ती वर्षं आली. कापसाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी नव्यानं काय सांगू. शाळेत हजेरी घेताना एखादं पोरगं चार दिवस दिसलं नाही तर मी वर्गात कारण विचारायचं सोडून दिलं होतं. विचारलं आणि खरं उत्तर आलं तर पुढं काय बोलायचं? गावातल्या जिनिंग आधी एक पाळी चालल्या, मग आठवड्यातून चार दिवस, मग एकेकीच्या फाटकाला कुलूप लागलं. अब्बांच्या जिनिंगला लागलं त्या दिवशी ते आपले पाने आणि कानसी एका पोत्यात बांधून घरी आले, पोतं खाटेखाली सरकवलं आणि खाटेवर बसले. बसले ते बसलेच.

घर माझ्या पगारावर चाललं होतं, अडलं काहीच नव्हतं. पण अब्बांना काम हवं होतं. दाढी वाढली, बोलणं आटलं. दिवसभर उजव्या हाताचा अंगठा बोटांवरून फिरवत बसायचे, बोल्टाचे आटे चाचपावेत तसे. एक दिवस अम्मीनं मला चुलीपाशी गाठलं आणि हळूच म्हणाली, "इनके हाथ में कुछ तो दे. ऐसे बैठे रहे तो बैठ ही जाएंगे." मी म्हणालो, देतो. काय देणार होतो, मला काय माहीत.

दुर्बिणीचं वेड माझं जुनं. पुण्याच्या एका निवृत्त इंजिनिअरशी माझा पत्रव्यवहार होता. कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजणाऱ्या हौशी लोकांचा त्यांनी एक गट जमवला होता. त्यांच्या गच्चीभोवती आता रस्त्याचे दिवे इतके झाले की तारे दिसेनात, म्हणून त्यांनी आपली एक दुर्बीण, कॅमेरा, गायडर, सगळा सरंजाम मला वापरायला पाठवला. आमच्याकडे भारनियमन. त्याला उठताबसता शिव्या देणाऱ्या अख्ख्या जिल्ह्यात मी एकटा त्याच्यावर खूष होतो. आणि आणखी एक गोष्ट होती, जी घरात बोलायची सोय नव्हती. पूर्वी हिवाळ्यात गावाच्या हवेत रुईचे तंतू तरंगायचे, जिनिंगच्या आवारात रात्रभर दिवे जळायचे. आता हवा स्वच्छ होती आणि आभाळ काळंभोर. अब्बांचं काम गेलं म्हणून माझं आभाळ सुधारलं होतं.

पुण्याच्या गृहस्थांची अट सरळ होती. जानेवारीत एका ताऱ्याला ग्रहण लागणार होतं. दिसायला तो एक तारा, पण खरे दोन, आणि ठरावीक दिवसांनी एक दुसऱ्याच्या आड जातो. त्या रात्रीची मोजणी नीट आली तर यंत्र आमच्याकडेच राहील. नाही तर ते दुसऱ्या कोणाला तरी देतील, त्यांच्याकडे मागणारे होते. मोजणी निळ्या, हिरव्या, लाल अशा वेगवेगळ्या रंगांत करायची. त्यासाठी कॅमेऱ्यापुढं एक चपटी गोल डबी बसवलेली असते आणि तिच्या आत पाच भोकांची चकती. प्रत्येक भोकात एका रंगाची काच. चकती फिरवली की पुढची काच कॅमेऱ्यासमोर येते. त्याला फिल्टर व्हील म्हणतात.

ही चकती एका बारक्या मोटरवर फिरायची. महिना झाला नसेल, एका रात्री गेलेली लाइट आली ती अशा जोरात आली की घरातले दोन बल्ब गेले आणि ती मोटरही जळाली. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मी डबी पुण्याला पाठवायला बांधत होतो, तेवढ्यात अम्मीचं बोलणं आठवलं. डबी सोडली आणि अब्बांच्या खाटेवर नेऊन ठेवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, कानाशी हलवली.

"मोटर कायले पायजे याले?" म्हणाले. "हाताले का लकवा मारला?"

खाटेखालचं पोतं बाहेर आलं. पुढचे वीस-पंचवीस दिवस आमचा ओटा म्हणजे कारखाना झाला. अब्बांनी मोटर काढून टाकली आणि चकतीला बाहेरून फिरवायची घुंडी बसवली. चकतीच्या कडेला पाच खाचा पाडल्या आणि एक पोलादी गोळी स्प्रिंगनं दाबून अशी ठेवली की काच बरोबर जागेवर आली की गोळी खाचेत पडून टक्क वाजावी. खाचा त्यांनी हातानं कानसल्या. दोनदा घासायचं, फिरवायचं, डोळे मिटून ऐकायचं. मी म्हणालो, अब्बा, एवढं बारीक कशाला, एखादा केस इकडेतिकडे चालेल. तर कानस थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"टक्क एकदाच वाजलं पायजे. दोनदा वाजलं तं समज खाच मोठी झाली. मंग ते चाक रोज नवीन जागी थांबन."

दाढी झाली. अम्मी पुन्हा गुणगुणायला लागली.

मग मुकडदमाची भानगड निघाली. गायडर त्या डबीच्या मागं बसवलेला होता, म्हणजे त्यालाही काचेतूनच तारा दिसायचा. लाल काच असली तर ठीक. निळी लावली की उजेड इतका कमी व्हायचा की गायडरचा तारा हरवायचा, आणि मोटर भरकटून फोटोतला प्रत्येक तारा लांबुळका यायचा. आठ दिवस मी डोकं आपटलं. अब्बांनी एका संध्याकाळी गच्चीवर येऊन पाहिलं आणि विचारलं, "मुकडदमाले काहून चष्मा लावला? फोटो काढनाऱ्याले लाव ना लावाचा तं."

आता बोला. इतक्या पुस्तकांत डोकं घालून मला जे दिसलं नाही, ते त्यांना उभ्या उभ्या दिसलं. भंगारातल्या एका बायनॉक्युलरचं एक नळकांडं कापून त्यांनी गायडरला स्वतःची छोटी दुर्बीण करून दिली आणि ती मोठीच्या पाठीवर पट्ट्यांनी आवळून बसवली. मुकडदमाचा चष्मा गेला आणि निळ्या काचेतही तारे गोल यायला लागले.

त्या डिसेंबरातल्या रात्री मी विसरणार नाही. अब्बा कानटोपी घालून दुर्बिणीशी स्टुलावर बसायचे, घुंडीवर हात. मी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपपाशी. मी म्हणायचो, "निळा." टक्क. "लागला." पाच मिनिटांनी मी म्हणायचो, "हिरवा." टक्क. "लागला." एवढंच बोलणं. पण जन्मात बापाशी इतकं बोललो नव्हतो. सकाळी गल्लीतले लोक चिडवायचे, मास्तर, तोफ कोणावर धरली, ईदचा चांद जरा दोन दिवस आधी दाखवा की. यावर अब्बा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "इथं मुकडदमाची परवानगी लागते." लोकांना काही कळायचं नाही. अब्बांना तेच आवडायचं.

यंत्र परत जाऊ शकतं हे मी त्यांना सांगितलं होतं. ग्रहणाच्या रात्रीवर सगळं आहे हेही. तारीख त्यांच्या लक्षात होती.

त्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा दुर्बीण लावून तयार होती. सूर्य बुडाल्यावर आणि तारे निघायच्या आधी एक काम करायचं असतं. दुर्बीण सरळ वर, कोऱ्या आभाळाकडे करायची आणि प्रत्येक काचेतून एक एक फोटो घ्यायचा. आभाळ सगळीकडे सारखं उजळ असतं, म्हणून फोटोही सारखा यायला हवा. कुठं धूळ, डाग असेल तर तो उघडा पडतो. अब्बा घुंडीपाशी बसले. लाल काचेतून फोटो घेतला, एकदोन पुसट रेघा दिसल्या. हिरव्यातही तेच. निळी काच आली. फोटोभर ओरखडे. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वळत गेलेले, फडक्यानं पाटी पुसावी तसे.

"अब्बा, काचांना कोणी हात लावला?"

"म्या," ते म्हणाले. चेहरा फुललेला. "सकाळी डब्बी उघडून साऱ्या काचा पुसून घेतल्या. तुहा मोठा दिवस हाये ना आज."

"कशानं पुसल्या?"

त्यांनी खिशातून एक धुतलेला रुमाल काढला आणि उलगडला. आत रुईचा गोळा. जिनिंगच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या गठाणीतून त्यांनी मूठभर रुई घेतली होती आणि पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. जिनिंगमधल्या माणसांची ही रीतच. हाततोंड पुसायला कसलंही फडकं चालेल, पण घड्याळाची काच, चष्मा, मीटरची तबकडी, जे जपायचं ते रुईनं पुसायचं. रुईपेक्षा मऊ काही असतं हे त्यांना कोणी सांगून पटलं नसतं. पण ती दवाखान्यातली धुतलेली रुई नव्हे. कितीही चांगली असली तरी तिच्यात सरकीचा चुरा असतो, वाळक्या पानाची बारीक पत्ती असते. या रंगीत काचांवर एक पातळ लेप असतो, तो नखानंही खरवडला जातो. ठेवणीतली वस्तू काढून, काचेवर तोंडाची वाफ सोडून, त्यांनी ती जीव लावून घासली होती. निळी सगळ्यात जास्त, कारण मुकडदमाला तिचाच त्रास व्हायचा हे त्यांच्या डोक्यात होतं.

मी मुळात तापट. नाकावर राग. पण त्या संध्याकाळी मी जे बोललो ते रागाच्याही पलीकडचं होतं. मी म्हणालो, "ही काय जिनिंग आहे? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? जे समजत नाही त्याला हात लावायची खोडच आहे तुमची. ती गिरणी बंद पडली, आता हे बंद पाडा. यापुढं कशालाच हात लावू नका."

अब्बांचा हात घुंडीवर होता. तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला. मग विचारलं, "निळीच खराब झाली का साऱ्या?"

"साऱ्या," मी म्हणालो.

हे खोटं होतं. लाल आणि हिरवी जवळजवळ ठीक होत्या. मला ते समोर दिसत होतं आणि तरी मी म्हणालो, साऱ्या. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला त्या दिवशी लाजही नव्हती.

त्यांनी रुईचा गोळा रुमालात बांधला, खिशात ठेवला आणि भिंत धरून जिना उतरले. मी थांबवलं नाही.

ग्रहणाची मोजणी मी एकट्यानं केली. तारा धरायला मुकडदम होता, त्याला ओरखड्यांचं काही देणंघेणं नव्हतं, त्याची दुर्बीण वेगळी. मी लॅपटॉपपासून दुर्बिणीपर्यंत आणि परत, अशा किती येरझाऱ्या केल्या देव जाणे. निळा, टक्क. हिरवा, टक्क. लाल, टक्क. लागला म्हणणारं कोणी नव्हतं. मध्येच अम्मी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तेरे अब्बा ने खाना नहीं खाया." मी म्हणालो, सकाळी बघू. ती कप ठेवून गेली.

सगळे फोटो मी सीडीवर घालून पुण्याला पाठवले आणि सोबत लाजेची एक चिठ्ठी. निळी काच बाद झाली आहे, माफ करा, यंत्र केव्हा पाठवू ते कळवा. आठव्या दिवशी फोन आला. गृहस्थ म्हणाले, अहो, कसली बाद? संध्याकाळच्या कोऱ्या आभाळाचे फोटो तुम्ही पाठवलेत ना? रात्रीच्या फोटोंना त्या कोऱ्या फोटोंनी भागलं, ठिपक्याला ठिपका, ओरखडे साफ गेले. काचेवरचा डाग दर वेळी कॅमेऱ्यापुढं त्याच जागी येत असेल तर तो असा पूर्ण निघून जातो. काच केसभर सरकली तर निघत नाही. मग त्यांनी विचारलं, "चाक कुठलं आणलंत? माझं विकतचं होतं, ते इतकं नेमकं कधीच थांबत नव्हतं." मोजणी उत्तम होती. यंत्र तुमच्याकडेच ठेवा म्हणाले, हवे तितके दिवस.

आणि मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, कोऱ्या आभाळाचे फोटो घेतात ते त्याचसाठी. रागात काही आठवलं नाही. अब्बांची चूक अब्बांच्याच हातानं आधीच निस्तरून ठेवली होती, आणि मी त्या हातांना काय काय बोललो होतो.

दुर्बीण राहिली. आजही गच्चीवर आहे. अब्बा मात्र परत कधी वर आले नाहीत. तुम्ही म्हणाल, त्या संध्याकाळी मी बोललो म्हणून. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं, त्यात एक सोय होती, राग झाला आणि गेला म्हणता येतं. पण त्या संध्याकाळी ते फक्त खाली उतरले होते. जे झालं ते फोन आला त्या दिवशी झालं.

आमच्याकडे बापाला माफ करा म्हणायची रीत नाही. मुलगा जवळ जाऊन बसतो, बाप विचारतो जेवला का, संपलं. मला वाटलं, चांगली बातमीच ते काम करेल. पुण्याहून त्याच दिवशी इमेलनं आलेला निळ्या काचेतला फोटो छापून घेतला आणि खाटेपाशी जाऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला.

"तो डाग कुठं गेला?"

"निघाला. चाक रात्रभर एकाच जागी थांबलं, म्हणून निघाला. केसभर सरकलं असतं तर निघाला नसता. पुण्याचे साहेब विचारत होते, चाक कोणाचं."

त्यांनी फोटो उजेडाकडे वळवला. अंगठा कडेवरून फिरत होता. मग त्यांनी विचारलं, "मी नव्हतो तवाबी बराबर थांबलं?"

"एकदाही चुकलं नाही."

त्यांनी मान हलवली. फोटो मला परत दिला.

"मंग झालं," म्हणाले. "आता कोनीबी फिरवू शकते."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाट पाहत होते. मला तेव्हाही कळत होतं की वाट पाहत आहेत. मी एवढंच म्हणायला हवं होतं की नाही अब्बा, कोणीही नाही, संध्याकाळी वर या, निळा लावायचा आहे. दहा शब्दांचं काम. वर्गात दिवसभर बोलणारा माणूस मी. पण बापाशी गोड बोलायची सवय नसलेल्या माणसाच्या तोंडात जे पटकन येतं तेच आलं. मी म्हणालो, "हो."